कुंडीएवढी काळजी

रक्तदाब वाढला की डॉक्टर तीन गोष्टी सांगतात. मीठ कमी करा, चालायला जा आणि एखादा छंद लावून घ्या. पहिल्या दोन गोष्टींना अंधेरीत फारसा वाव नाही. मीठ वडापावातून परस्पर पोटात जातं आणि चालायला म्हणून खाली उतरावं तर फुटपाथ कुणीतरी कशासाठी तरी खणून ठेवलेला असतो. राहता राहिला छंद. सगळ्या छंदांत बागकाम शांत, असा एक सार्वत्रिक समज आहे. हा समज पसरवणाऱ्यांच्या घरी एकही कुंडी नसावी, असा मला दाट संशय आहे.

नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाचा दाखला या बाबतीत नेहमी दिला जातो. २०११ साली तो प्रसिद्ध झाला. तिथे काही बागप्रेमी मंडळींना आधी मुद्दाम डोकं तापेल असं काम दिलं. मग त्यातल्या काहींना अर्धा तास वाचत बसवलं आणि बाकीच्यांना अर्धा तास बागेत पाठवलं. ताण आला की शरीरात जे कॉर्टिसॉल वाढतं, ते दोन्ही गटांत उतरलं, पण बागेत गेलेल्यांचं जास्त उतरलं. या संशोधनाबद्दल मला पूर्ण आदर आहे. फक्त त्या बागा जमिनीवर होत्या. त्यांच्या खालच्या मजल्यावर कुणाच्या पांढऱ्या चादरी वाळत नव्हत्या.

अंधेरीत घराला अंगण नसतं आणि गॅलरी असलीच तर ती फार वर्षं गॅलरी राहत नाही. घरातली माणसं वाढली की ती ‘आत घेतात’. तिथे आधी मुलाचं अभ्यासाचं टेबल येतं, मुलगा पुण्याला किंवा परदेशी गेला की वॉशिंग मशीन येतं. बाग मग खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये जाते. दीड फूट खोल आणि खिडकीएवढं लांब, एवढं आमचं शेत. त्यात तुळस, जास्वंद, कढीपत्ता, एसीचा बाहेरचा डबा, गेल्या दिवाळीचा आकाशकंदील आणि आत काय आहे ते आता कुणालाच आठवत नाही अशी एक गोणी, असा एकत्र कुटुंबाचा कारभार चालतो. जागेवरून भांडण झालंच तर हलवली जाते ती जास्वंद. गोणी कधीच हलत नाही.

मुंबईच्या मध्यमवर्गाला कुंड्यांची ऐट मुळात नव्हतीच. १९३७ साली डालडा बाजारात आलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याचा तो पिवळा, हिरव्या माडाचं चित्र असलेला पत्र्याचा डबा रिकामा झाला की त्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडायचं, त्यात तुळस लावायची आणि डबा चाळीच्या कठड्यावर ठेवायचा, ही रीत होती. वनस्पती तुपावर पुढे डॉक्टरांनी बरेच आक्षेप घेतले, तुळशीनं एकही घेतला नाही. आता तो मान रंगाच्या बादलीकडे आणि मासळीच्या थर्माकोलच्या खोक्याकडे आला आहे. वर्सोव्याहून आणलेल्या अशा खोक्यात पालक झकास येतो. पहिले चार दिवस मजल्यावरची सगळी मांजरं त्याच्याभोवती बसून असतात, एवढंच.

बाग करायची तर आधी आकाशाचा अभ्यास करावा लागतो. फ्लॅट घेताना आपण दिशा विचारतो ती वास्तुशास्त्रासाठी. सूर्य कुठून कसा येतो हे कळतं ते पहिला गुलाब गेल्यावर. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या अलीकडे. त्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावरून वर्षात दोनदा जातो, एकदा मेच्या मध्याला उत्तरेकडे जाताना आणि एकदा जुलैच्या अखेरीला परतताना. त्या दोन दिवशी भर दुपारी आपली सावली पायाखाली सापडते. याचा बागेच्या भाषेतला अर्थ असा की दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबर-जानेवारीत ऊन पार आतल्या सोफ्यापर्यंत येतं आणि मेच्या रखरखाटात, जेव्हा अख्खी मुंबई भाजून निघत असते, तेव्हा तिथल्या मोगऱ्याला दुपारच्या उन्हाचा कवडसाही मिळत नाही. उत्तरेच्या खिडकीची गत तर त्याहून वाईट. तिच्या वाट्याला भर दुपारचं ऊन येतं ते फक्त या दोन तारखांच्या मधल्या अडीच महिन्यांत, आणि ११ जूनच्या आसपास तर पाऊस सुरू होतो. सूर्य बरोबर आपल्या खिडकीसमोर उभा, आणि मध्ये ढग.

एवढं सगळं गणित बसवावं, कुंड्या सरकवून सरकवून उन्हाच्या रेषेत आणाव्यात, आणि मग समोरची चार मजली सोसायटी रिडेव्हलपमेंटला जावी. दोन वर्षं सिमेंटची धूळ पानांवर बसते. ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत बसावं लागतं. नंतर तिथे बावीस मजले उभे राहतात आणि पानांवर ना धूळ बसते ना ऊन. अशा वेळी अंधेरीतला बागवाला मुकाट्यानं मोगरा काढतो आणि मनीप्लांट लावतो.

माती विकत घ्यायची हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. कोकणातल्या माणसाला पैसे मोजून माती आणणं म्हणजे काय वाटत असेल, ते तिचा चेहरा बघून कळायचं. तरीही आम्ही आरे कॉलनीच्या रस्त्यावरच्या नर्सरीत जातो, लाल मातीची पिशवी उचलतो, शेणखत घेतो, कोकोपीटची वीट घेतो आणि रिक्षावाल्याला ‘खाली काही सांडणार नाही’ असं वचन देऊन घरी येतो. ते वचन आजवर कुणालाही पाळता आलेलं नाही. पिशवीत निम्मी माती, निम्मे दगड असतात. ते दगड फेकू नयेत. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा, त्यावर हे दगड आणि वर माती घातली की पाणी तुंबत नाही.

खरं तर मातीवाचूनही बाग होते, हे मुंबईतल्याच माणसांनी दाखवून दिलं आहे. डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याला आपल्या गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाज्या काढल्या आणि ‘सिटी फार्मिंग’चा पुष्कळ प्रचार केला. त्यांचं वाचून मी आमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीत चिपाडं मागायला गेले. रसवाल्यानं आधी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि न बोलता एक ग्लास रस पुढे केला. बाईची परिस्थिती बेताची दिसते, असा त्याचा समज झाला असावा. श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून दहा गुंठ्यांत कुटुंबाचं पोट भरेल असं शेतीचं गणित मांडलं होतं. पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश हे त्यांचं मुख्य भांडवल. २००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. हजारो माणसांचा स्वयंपाक खाली आणि त्याच्या सालींवर वाढलेले चिकू-पेरू वर. हे सगळं ऐकून आपण भारावून जातो आणि स्वयंपाकघराच्या ओट्याखाली कंपोस्टचा डबा ठेवतो. तिसऱ्या दिवशी घरात चिलटं होतात. ‘सुकी पानं कमी पडली’ असं आपण शास्त्रीय कारण देतो. घरातले लोक त्याला साध्या भाषेत वास म्हणतात.

रोपं आणायला मात्र आरेपर्यंत जायची गरज नाही, ती दारात येतात. रविवारी सकाळी हातगाडी घेऊन झाडवाला येतो. गाडीवर शेवंती, मोगरा, गुलाब, सगळं फुललेलं. ‘मॅडम, बारा महिना फूल देगा’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. गुलाबाला अकरा फुलं आणि सतरा कळ्या असतात. घरी आल्यावर तो त्या सगळ्या कळ्या प्रामाणिकपणे उमलवतो आणि तिथून पुढे बारा महिने नुसते काटे देतो. पुढच्या रविवारी तक्रार केली की झाडवाला खिन्न होऊन म्हणतो, ‘पानी ज्यादा दिया होगा.’ पंधरवड्यानं विचारलं तर म्हणतो, ‘पानी कम पडा होगा.’ या दोन वाक्यांत वनस्पतिशास्त्राचा बराचसा भाग येऊन जातो, हे मला पुढे पटलं.

पाण्याचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. त्यातले विहार आणि तुळशी हे दोन लहान तलाव शहराच्या हद्दीत, राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत. विहार १८६० चा आणि तुळशी १८७९ चा. बाकीचे तानसा, मोडक सागर, भातसा आणि दोन वैतरणा दूर ठाणे-नाशिककडच्या डोंगरांत. एरवी पेपरात तलावांची पातळी कोण वाचतं? कुंड्या आल्या की माणूस मेपासून ते आकडे शेअर बाजाराच्या आधी वाचू लागतो. दहा टक्के पाणीकपात जाहीर झाली की पहिला विचार आंघोळीचा येत नाही, पुदिन्याचा येतो. त्याच पानावर कधीतरी शहापूरची बातमी असते. धरणं त्यांच्या तालुक्यात, आणि मे महिन्यात तिथल्या पाड्यांवर टँकर. एकदा ती बातमी नीट वाचली की जास्वंदीला नळी लावून पाणी घालायचा हात आखडतो. तेव्हापासून आमच्याकडे तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं असं प्रत्येक पाणी पातेल्यात जमा होतं. पाहुणे आले की ओट्यावरच्या गढूळ पातेल्यांबद्दल विचारतात. मी सांगते. मग ते चहा नको म्हणतात.

कुंडीला घातलेलं पाणी कुंडीत राहत नाही. ते गुरुत्वाकर्षणाच्या नियमानं खाली जातं आणि तिथून सोसायटीच्या नियमांनी पुन्हा वर येतं. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, काही सभासदांच्या कुंड्यांतील मातीमिश्रित पाणी इतर सभासदांच्या कपड्यांवर पडत असल्याच्या तक्रारी प्राप्त झाल्या आहेत...’ ‘काही सभासद’ म्हणजे कोण, ते अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक असतं. लिफ्टमध्ये नोटीस वाचताना मागे उभी असलेली माणसं आपल्या पाठीकडे बघतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंशी मात्र यातून माझा घरोबा झाला. मी पाणी घालण्याआधी हाक मारते, ‘काकू, घालू का?’ त्या कपडे आत घेतात आणि ओरडतात, ‘घाल गं.’ त्यांच्या चादरीबद्दल मी त्यांना दर आठवड्याला कढीपत्ता देते. या कराराची नोंद सोसायटीच्या दप्तरात नाही.

कढीपत्ता हे अंधेरीतलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात बोडकं झाड. भाजीवाला पूर्वी कोथिंबिरीसोबत चार काड्या फुकट टाकायचा. आता तो विसरतो, आणि मग फोडणी टाकून झाल्यावर बेल वाजते. ‘दोनच पानं.’ दोन पानं कुणीच नेत नाही, डहाळी जाते. त्याला तक्रार नसते, खुडलं की फुटवे येतात. खरा गिऱ्हाईक निराळाच असतो. एके दिवशी पानावर चिमणीची शीट पडलेली दिसली. पुसायला गेले तर शीट हलली. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर काही फुलपाखरं अंडी घालतात. कढीपत्ता त्याच कुळातला. त्यातून निघालेली अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेते, काळपट-तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा, म्हणजे पक्ष्यालाच खावीशी वाटू नये. दोन-चार वेळा कात टाकली की ती हिरवीगार होते आणि मग पानात दिसतच नाही, नुसती पानं कमी होताना दिसतात. काडीनं डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि एक उग्र दर्प सोडते.

आता इथे नीतिशास्त्र सुरू होतं. अळी मारावी तर फुलपाखरू मेलं, ठेवावी तर काकूंचा कढीपत्ता गेला. महाराष्ट्रानं २०१५ साली ब्लू मॉरमॉन या निळ्या-काळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातलीच पानं खातात. आपल्या झाडावरची अळी कोणाची, हे ओळखता येण्याइतकं ज्ञान नसल्यामुळे मी राज्याच्या बाजूनं निर्णय दिला. अळीनं अर्धं झाड फस्त केलं, एके दिवशी फांदीला रेशमाचा एक धागा कमरेभोवती बांधून ती कोषात गेली आणि दहा-बारा दिवसांनी सकाळी ग्रिलच्या गजावर ओले, चुरगळलेले पंख वाळवत बसलेली सापडली. काळी, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. म्हणजे राज्य फुलपाखरू नव्हे, त्याचं साधं चुलत भावंड. पंख ताठ झाल्यावर ते निघालं ते थेट मेट्रोच्या खांबांच्या दिशेनं. काकूंना मी त्या आठवड्यात कोथिंबीर विकत आणून दिली.

जास्वंदीच्या बाबतीत मात्र असा उदारपणा चालत नाही. तिच्यावर पिठ्या ढेकूण येतो. कोवळ्या शेंड्यावर कापूस चिकटल्यासारखं दिसतं, कळ्या उमलायच्या आधीच गळतात. नीट पाहिलं तर खोडावरून मुंग्यांची रांग ये-जा करत असते. हा ढेकूण झाडाचा रस पिऊन गोड स्राव सोडतो, तो मुंग्या चाटतात आणि त्या बदल्यात ढेकणाचं शत्रूंपासून रक्षण करतात. अंधेरीत कुणाचं कुणाशी साटंलोटं असावं याला काही धरबंध राहिलेला नाही. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, साबणाचे थोडे थेंब, आणि संध्याकाळी फवारा. मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय ढेकूण हटत नाही. आठवडाभर हे केलं की शेंडा हिरवा दिसतो. तोवर रात्री दोन वाजता जाग येऊन टॉर्च घेऊन खिडकीत उभं राहायची सवय लागलेली असते. समोरच्या टॉवरच्या वॉचमननं एकदा शिट्टीही वाजवली होती.

आणि कबुतर. दादरच्या कबुतरखान्यावर २०२५ साली ताडपत्री पडली, ती कुणी ओढून काढली, प्रकरण हायकोर्टात गेलं. घराघरांतल्या खटल्यांना मात्र कोर्ट नाही. कबुतराचं घरटं म्हणजे दोन काड्या आणि वायरचा एक तुकडा. बाकीची सोय आपल्या कुंडीनं करायची. दोन अंडी घातली की साधारण अठरा दिवस ती उबवणं चालतं. सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत नर बसतो आणि बाकीचा सगळा वेळ, रात्रीसकट, मादी. नराची वेळ साधारण सरकारी ऑफिसची आहे, हे लक्षात आल्यावर आमच्या घरातल्या बायकांचं मादीविषयीचं मत एकदम बदललं. कुंडीतला गवती चहा वाळला, पण महिनाभर तिथे कुणी पाणी घातलं नाही. पिल्लं उडाल्यावर आम्ही जाळी बसवली. जाळीवाला म्हणाला, पाच वर्षांची गॅरंटी. कबुतरांना ते सांगितलेलं नाही.

या बागेत सगळ्यात जास्त आनंद देणाऱ्या गोष्टी आपण लावलेल्या नसतातच. कंपोस्टमधून एकदा लाल भोपळ्याचा वेल आला. कुणी लावला नव्हता, कुणाला नको होता. बघता बघता त्यानं ग्रिल पार केलं, एसीचा डबा वेढला आणि वरच्या मजल्याच्या दिशेनं हात पुढे केला. भरपूर पिवळी फुलं आली. दोन आठवडे नुसती नरफुलं, लांब सडपातळ देठाची. मादीफूल उशिरा येतं. त्याच्या खाली सुपारीएवढा इवलासा भोपळा आधीच असतो, म्हणून ओळखता येतं. ते पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. एवढ्या अवधीत मधमाशी यायला हवी. आमच्या मजल्यावर मधमाशी येत नाही. तेव्हा नातीच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन सकाळी साडेसहाला एका फुलातला पराग दुसऱ्या फुलात नेऊन लावण्याचं काम नवऱ्यावर आलं. जन्मभर बँकेत क्लिअरिंग सांभाळलेला माणूस. त्यानं ते काम निष्ठेनं केलं. इकडून उचललेलं तिकडे जमा. भोपळा धरला, मुठीएवढा झाला, आणि त्या दिवसापासून घरात फोनवर आधी भोपळ्याची खुशाली विचारली जाऊ लागली. पुढे नारळाएवढा झाल्यावर त्याचं घारगं करायचं ठरलं, तर नात रडायला लागली. शेवटी नरफुलांची भजी झाली आणि भोपळा फ्रिजवर शोभेला राहिला, वाळेपर्यंत.

हिशेब कोणी मागू नये. नवऱ्यानं एकदा मांडला होता. माती, खत, कुंड्या, कडुनिंबाचं तेल, जाळी आणि रिक्षा धरून आमच्या घरची एक हिरवी मिरची अडीचशे रुपयांना पडते. ती मिरची आम्ही पोह्यांत घालत नाही, पाहुण्यांना दाखवतो. बागेचा अहंकार वाढला असं वाटलं की फेब्रुवारीच्या सुमाराला महापालिकेचं झाडा-फुलांचं प्रदर्शन बघायला भायखळ्याच्या राणीबागेत जावं. १८६२ सालापासूनची ती बाग. तिथे कुंड्यांत लगडलेली वांगी, ताटाएवढे डेलिया आणि फुलांनी रचलेले प्राणी पाहून माणूस जमिनीवर येतो. परतीच्या लोकलमध्ये विरारपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या मांडीवर एक रोप असतं.

फायदा मिळतो तो निराळ्या नाण्यात. ब्रह्मकमळ म्हणून आपण जे लावतो ते मूळचं मध्य अमेरिकेतलं निवडुंग. आमच्याकडचं काकूंच्या माहेरून आलेल्या एका फांदीचं आहे. आता बिल्डिंगीत निम्म्या घरांत त्याचीच फांदी आहे. कळी आधी खाली लोंबते, मग मान वर काढते, आणि ती वर झाली की मी व्हॉट्सॲपवर निरोप टाकते. रात्री नऊनंतर दार उघडंच. लिफ्टमध्ये एकमेकांकडे न पाहणारी माणसं नाइट ड्रेसमध्ये आमच्या खिडकीपाशी कोंडाळं करून उभी राहतात. अकराच्या सुमाराला पाकळ्या पुरत्या उघडतात, घरभर वास सुटतो, सेक्रेटरीसाहेब फोटो काढतात. एका वर्षी याच कोंडाळ्यात पाण्याच्या गळतीचा तीन वर्षांचा वाद मिटला. सकाळी फूल मान टाकून लोंबत होतं, पण प्लंबर वेळेवर आला.

या ग्रिलमध्ये मूळचं कोण, असा प्रश्न कधी मनात येतो. मिरची, झेंडू, चाफा, टोमॅटो अमेरिकेकडचे. सदाफुली मादागास्करची. तिच्यापासून कर्करोगावरची औषधं निघाली, तरी ती नाल्याच्या कडेलाही उगवते आणि कुरकुर करत नाही. मनीप्लांट प्रशांत महासागरातल्या एका बेटावरचं. तुळस आणि कढीपत्ता तेवढे इथले. अंधेरीचंही तसंच. गावठाणातली जुनी घरं सोडली तर प्रत्येकाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारायची सोय आहे. अस्सल जुना इथे एकच, गिल्बर्ट हिलचा काळा कातळ. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, दोनशे फूट उंच. डोक्यावर गावदेवीचं देऊळ आणि चहूबाजूंनी बिल्डिंगी. त्याच्या उभ्या भेगांतही कुठेकुठे पिंपळ रुजला आहे. त्याला कुणी खत घालत नाही, कुणी पाणी घालत नाही. त्याच्याकडे पाहिलं की आपल्या गुलाबाचे नखरे जास्तच डोळ्यांवर येतात.

मग यात शांतता कुठे आहे? मला विचाराल तर नाहीच. ढेकूण, कबुतर, नोटीस, पाणीकपात, समोरचा टॉवर. कुंड्या नव्हत्या तेव्हा यातली एकही कटकट नव्हती. पण तेव्हा काळज्या मोठ्या होत्या आणि त्यांना हात लावता येत नव्हता. मुलाची नोकरी टिकेल का, गुडघे बदलावे लागतील का, पेन्शन पुरेल का, यांच्यावर कडुनिंबाचं तेल फवारता येत नाही. जास्वंदीच्या शेंड्याचं तसं नाही. तो बिघडलेला दिसतो, त्याचं कारण सापडतं, उपाय परवडतो आणि आठवड्यात गुण येतो किंवा झाड मरतं. मेलं तर माती उपसून पुन्हा भरता येते. त्या डच मंडळींचं कॉर्टिसॉल कशानं उतरलं, ते अभ्यासकांनी त्यांच्या परीनं सांगितलं असेल. माझा कयास असा की डोक्यात जागा मर्यादित असते आणि तिथे एक मुठीएवढा भोपळा येऊन बसला की बाकीच्यांना जरा सरकून घ्यावं लागतं.

आमचीही बिल्डिंग आता रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. परवा बिल्डरच्या माणसासमोर सभा झाली. कार्पेट एरिया किती, कॉर्पस किती, पार्किंग कुठे, असे प्रश्न झाले. मी विचारलं, नव्या घरात ऊन कोणत्या बाजूनं येणार. तो गडबडला. त्यानं नकाशा उलटसुलट केला आणि म्हणाला, ‘मॅडम, सगळ्या खोल्यांत एसी पॉइंट आहेत.’ सभागृहात कुणीतरी हसलं. खालच्या काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, ‘आमचे दोन फ्लॅट वर-खालीच राहतील ना?’

ज्यांच्या घरी अजून काहीच हिरवं नाही, त्यांनी आरेला जायची, माती आणायची, रसवाल्याकडून ग्लास घ्यायची काही गरज नाही. संध्याकाळी स्टेशनबाहेरून पुदिन्याची जुडी घ्या. पानं चटणीला वापरा, चांगल्या जाड अशा तीन काड्या ठेवा, खालची पानं काढा आणि काचेच्या पेल्यात पाणी घालून खिडकीत उभ्या करा. पाणी एकाआड एक दिवस बदला. आठवड्याच्या आत पांढरी मुळं दिसतील, आणि तुम्हालाही घराबाहेर पडताना मागे वळून बघावंसं वाटेल अशी एक बेताची काळजी लागेल. सुरुवातीला तेवढी पुरे.